कोविडनंतर विमानं कुठे पटकन सुरू झाली, कुठे रखडली, का?

दादरची_मीनल:
मी दादरला एका ट्रॅव्हल एजंटकडे काम करते. २०२२ च्या उन्हाळ्यात दुबईची तिकिटं धडाधड जात होती, युरोपही सुरू झालं होतं, पण जपान हाँगकाँगचं नाव काढलं की आम्हीच हात वर करायचो. कोविड तर सगळीकडेच होता ना, मग आपल्या बाजूलाच एवढा वेळ का लागला?

मरोळकर:
ताई, व्हायरस सोडा, बॉर्डरचे नियम बघा. आयाटाचे, म्हणजे जगातल्या एअरलाइन्सच्या संघटनेचे, २०२१ चे इंटरनॅशनलचे आकडे काढा, एशिया पॅसिफिक २०१९ पेक्षा ९३ टक्के खाली, आणि बाकीचे सगळे ६५ ते ७२ च्या आसपास. दुबईने ७ जुलै २०२० लाच टुरिस्ट घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांना डोमेस्टिक असं काही नाहीच, दार लावून बसले असते तर खाल्लं काय असतं? जपानने एकट्यादुकट्या टुरिस्टला मोकळं सोडलं ते ११ ऑक्टोबर २०२२ ला, आणि चीनने बाहेरून येणाऱ्यांचं क्वारंटाइन काढायला ८ जानेवारी २०२३ उजाडला.

पार्ले_ईस्ट:
पण चीन तर सगळ्यात आधी सावरला होता की? २०२० मध्ये जगातला सगळ्यात बिझी एअरपोर्ट ग्वांगझू होता, अटलांटाला मागे टाकलं होतं त्याने.

मरोळकर:
बरोबर, पण ते सगळं डोमेस्टिकच्या जिवावर. अमेरिकेचंही तेच, देशातल्या देशात एवढं मोठं मार्केट की बाहेरचं बंद असलं तरी गाडा चालतो. फरक एवढाच की चीनमध्ये चार केस सापडल्या की शहरच बंद, २०२२ ला शांघाय बंद झालं तेव्हा तिथलं डोमेस्टिकपण झोपलं. हाँगकाँग सिंगापूरला तर तोही आधार नाही.

रॅम्पवरचा_बाब्या:
आपलं पण सांगतो, मी तेव्हा ग्राउंड हँडलिंगला होतो. २५ मे २०२० ला डोमेस्टिक उघडलं तेव्हा मुंबईला दिवसाला फक्त २५ टेकऑफ आणि २५ लँडिंग. बाकी विमानं नुसती उभी, इंजिनांना कव्हर घातलेली, आणि मधेमधे चाकं फिरवायला लागायची नाहीतर टायर एकाच जागी चेपतो. मुंबईचं टी १, म्हणजे टर्मिनल १, उघडलं मार्च २०२१ ला, दुसरी लाट आली, परत बंद, मग ऑक्टोबरला उघडलं. रेग्युलर इंटरनॅशनल २७ मार्च २०२२ पासून, तोवर एअर बबलवर, म्हणजे ठरावीक देशांशी करार करून चालवलेल्या मोजक्या विमानांवर, काम भागवलं. आणि २०२३-२४ ला मुंबईने ५ कोटी २८ लाख पॅसेंजर केले राव, कोविडच्या आधीपेक्षा जास्त! युरोपवाल्यांनी माणसं काढून टाकली आणि २०२२ ला गर्दी आली तेव्हा बॅगा उचलायला कोणी नाही, लंडनच्या हीथ्रोने तर तिथून निघणाऱ्यांवर दिवसाला १ लाख पॅसेंजरची मर्यादा घातली होती.

दादरची_मीनल:
अच्छा, म्हणजे देशातलं मार्केट किती मोठं आणि बॉर्डर कधी उघडली, खरा खेळ हाच. पण मग तिकिटं का उतरली नाहीत? गिऱ्हाईक रोज माझ्याशीच भांडतं.

मरोळकर:
पॅसेंजर परत आले, विमानं कुठायत? नवीन विमानांची डिलिव्हरी लेट, इंजिनांच्या प्रॉब्लेममुळे कितीतरी ग्राउंडेड, वर मे २०२३ मध्ये आपली गो फर्स्ट एअरलाइन बंद पडली. त्यात २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही म्हणून युरोपच्या एअरलाइन्सना जपानला लांबून जावं लागतं, ते पेट्रोल कोणाच्या खिशातून जाणार?

रॅम्पवरचा_बाब्या:
एटीएफ म्हणा हो, विमानाचं इंधन ते, पेट्रोल काय! 😄