दारू आणि गांजा एकत्र: पोरांना नुसतं ‘घेऊ नका’ सांगून भागतं का?

रेक्टरकाका:
आमच्या कॉलेजात दरवर्षी व्यसनमुक्तीचं भाषण होतं. शपथ होते, फोटो होतो आणि त्याच शनिवारी हॉस्टेलच्या गच्चीवर क्वार्टर नि जॉइंट दोन्ही निघतात. यंदा मी सुचवलं, प्रत्येक मजल्यावर एक कागद लावू. ‘घेऊ नका. दोन्ही एकत्र तर नाहीच. पोटात दारू असली की गांजा जास्त चढतो. कोणी उठत नसेल तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, १०८ लावा.’ प्राचार्य म्हणाले, हे तर नशेचं माहितीपत्रक झालं. तुम्हाला काय वाटतं?

सुलभा_कोथरूड:
प्राचार्यांचं बरोबर आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं. गांजा तर १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सरळ गुन्हा. उद्या ट्रॅफिक पोलिसांनीही बोर्ड लावावा का, सिग्नल तोडायचाच असेल तर उजवीकडे बघून तोडा?

नाईट_ड्यूटी:
सुलभाताई, शनिवारी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत या एकदा. पोरगं पांढरंफटक, घामानं भिजलेलं, केसांतून पाणी गळतंय कारण मित्रांनी नळाखाली धरलेलं. मित्र म्हणतात, “सर, बाहेरचं खाल्लं.” तिघांचंही तेच, पाठ केल्यासारखं. आम्ही अंदाज बांधत बसतो. गांज्यानं उलटीची भावना दबू शकते, त्यामुळे जास्त झालेली दारू बाहेर पडत नाही. मग शुद्ध हरपल्यावर उलटी झाली आणि पोरगं उताणं असलं, तर ती श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका. आणि काय घेतलं ते खरं सांगा, कोणाकडून आणलं ते मला नकोय.

मधला_बाक:
पोलीस केसच्या भीतीनंच कोणी बोलत नाही. आणि आमच्यातला हिशेब ऐका: मशीनमध्ये फुंकल्यावर दारू सापडते, मग एकच बिअर घे, बाकी ओढ, गाडी तू चालव. होळीला भांग पिऊन तासभर काही होत नाही म्हणून वर बिअर मारतात. मग दोन्ही एकदम बसतं.

नाईट_ड्यूटी:
@मधला_बाक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसोबत ड्रग्जही आहेत. आणि दोन्ही थोडंथोडं घेतलं तरी गाडीवरचा ताबा एकेकट्यापेक्षा जास्त जातो.

माजी_मेंबर:
मी दारू सोडलेला माणूस आहे. ‘एकत्र नको’ हे मी विशीत वाचलं असतं तर त्याचा अर्थ ‘आज हे, उद्या ते’ असा काढला असता. व्यसनी डोकं सवलतच शोधतं. शुद्ध हरपल्यावर काय करायचं ते जरूर लिहा, घेण्याबद्दल एक अक्षरही नको. शिवाय एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं, मित्रासाठी फोन करणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. त्याचं काय?

रेक्टरकाका:
कायदा माझ्या हातात नाही. पण फोन करणाऱ्यावर हॉस्टेलकडून कारवाई होणार नाही, एवढं तरी कॉलेज ठरवू शकतं.

सुलभा_कोथरूड:
मग ते प्राचार्यांच्या सहीनं लेखी आणा. माझा विरोध कायम आहे, पण सही नसेल तर तुमच्या कागदावर पोरं चखणा घेऊन बसतील.