एकबारी रायफलीला मोठ्या बोअरचं काडतूस: .४५-७०, .४४४ की .३७५?

रानवाट
मोडून उघडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल. दुर्बिणीसकट वजन ७ पौंडांच्या आसपास. शिकार रानडुक्कर आणि हरणांची, फार तर एल्क हे मोठं हरीण किंवा काळं अस्वल. पल्ला बहुतेक वेळा १५० यार्डांच्या आत. अशा बंदुकीसाठी काडतूस निवडायला बसलेला माणूस आधी ऊर्जेचा, फूट-पौंडांचा तक्ता उघडतो आणि तिथेच फसतो. माझं म्हणणं, आधी बुडाची कड म्हणजे रिम बघा, मग खांद्याला बसणारा धक्का, आणि ऊर्जा सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर उत्तर .४५-७० येतं.

कड असलेलं काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, तोंडाशी त्या कडेवरच टेकतं आणि एक्स्ट्रॅक्टरचा (काडतूस बाहेर ओढणारा भाग) अखंड तुकडा तिच्याखाली बसतो. बिनकडेच्या काडतुसाला स्प्रिंगवर सरकणारी बारीक जीभ लागते, जी बुडाच्या खाचेत शिरते. जिभेमागे काजळी किंवा वाळू साचली की ती दबून राहते, आणि नळी उघडली तरी रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) आतच. मग तोंडाकडून कांडी घालून ठोकत बसा. .४५-७० हे १८७३ साली एकबारी लष्करी रायफलीसाठीच बनलं, त्यामुळे ही अडचण त्याला मुळातच नाही.

पीळदार
रिमचं पटलं. पण रिम .४४४ मार्लिनलाही आहे, मग १५० वर्षांपूर्वीचं काडतूस कशाला? .४४४ आलं १९६४ मध्ये. २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २३५० फूट प्रति सेकंदाने निघते. .४५-७० ची कारखान्यातली नेहमीची ४०५ ग्रेनची गोळी १३३० ने. १०० यार्डांवर नेम जुळवला तर २०० वर ती सुमारे दोन फूट खाली उतरते. १७५ यार्ड समजून चाप ओढला आणि जनावर २०० वर निघालं, तर आठ-नऊ इंचांचा फरक. हृदयाऐवजी पाय.

आणि धक्का म्हणाल तर ७ पौंडांच्या बंदुकीत ढोबळ हिशेबाने ४०५ ग्रेनची मऊ भरणी (कमी दाबाचं काडतूस) २२ फूट-पौंड, .४४४ ची २६. चार फूट-पौंड जास्त मोजून जवळजवळ दुप्पट ऊर्जा मिळते: नळीच्या तोंडाशी २९४२ विरुद्ध १५९०.

तोळामासा
पीळदार, तुमचाच तक्ता पुढे वाचा. .४४४ ची ती गोळी १०० यार्डांवर १८१५ आणि २०० वर १३७७ फूट प्रति सेकंदावर येते. ऊर्जा उरते १०१० फूट-पौंड. .४५-७० ची गोळी २०० यार्डांवर १०५५ ने जाते, ऊर्जा १००१. तोंडाशी दुप्पट, २०० यार्डांवर बरोबरी. २४० ग्रेनची गोळी आखूड आणि बोथट, हवा तिला अडवते. मार्ग सपाट आहे हे खरं, पण "दुप्पट ऊर्जा" १०० यार्डांनंतर सांगू नका.

दुसरं, सुरुवातीला .४४४ मध्ये जी २४० ग्रेनची गोळी भरत, ती .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी बनलेली. २३५० ने खांद्याच्या हाडावर बसली की लवकर फुटते, आत खोल जात नाही. म्हणून पुढे गोळ्या बनवणाऱ्या हॉर्नेडी कंपनीने खास या काडतुसासाठी २६५ ग्रेनची जाड कवचाची गोळी काढली. अस्वल यादीत असेल तर २४० विसरा.

पीळदार
मग २६५ घ्या, नाहीतर ३०० घ्या. कोण अडवतंय?

तोळामासा
नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचं वळण, अडवतो. जुन्या मार्लिन रायफलींमध्ये ३८ इंचांत एक फेरा होता, नंतर २० इंचांत एक आला. ३८ च्या पिळात २४० आणि २६५ सरळ जातात. ३०० च्या वरची लांब गोळी डगमगते, कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. विकत घेण्याआधी पीळ मोजा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. फिरत्या मुठीच्या कांडीवर घट्ट बसणारं कापड लावा आणि मागून नळीत ढकला. कांडीच्या वरच्या बाजूला पेनाने खूण करा, मुठीशी पट्टी धरा आणि हळू बाहेर ओढा. खूण बरोबर खाली आली की अर्धा फेरा झाला. तोवर कांडी किती इंच सरकली ते दुप्पट करा. १९ इंच सरकली तर पीळ ३८ चा. पूर्ण फेऱ्याची वाट बघू नका, २२ इंची नळीत तो मावतच नाही.

ठासणीवाला
तुमचा वाद दोन आखूड पल्ल्याच्या काडतुसांतला आहे. बंदूक मोडून उघडणारीच हवी ही अट कोणी घातली? रुगर नंबर वन किंवा १८८५ च्या विंचेस्टर हाय वॉलसारखी फॉलिंग ब्लॉक घ्या, मागे पोलादाचा ठोकळा उभा असतो. त्यात .३७५ एच अँड एच. १९१२ पासून चाललंय, ३०० ग्रेन २५३० ने. २०० यार्डांवर नेम जुळवा, ३०० वर सुमारे १० इंच खाली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांना किमान .३७५ लागतं, म्हणजे तीच बंदूक तिथेही चालते.

केस अडकण्याची भीतीही इथे कमी. .३७५ ची केस लांब आणि निमुळती, खांदा, म्हणजे केस अरुंद होते तो भाग, उतरता. उष्ण हवेत कॉर्डाइट दारूचा दाब वाढला तरी केस सुटावी म्हणूनच तो आकार. .४४४ जवळपास सरळ नळकांडं आहे. जराशी सैल होताच सुटणारी केस कुठली, ते विचार करून सांगा.

रानवाट
आकाराबद्दल सहमत. पण बुडावर येणारी ढकल मोजा. कमाल दाब गुणिले बुडाचं क्षेत्रफळ, बाहेरच्या व्यासावरून काढलेला हा वरचा अंदाज. .४५-७०: २८,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), व्यास ०.५०५ इंच, सुमारे ५,६०० पौंड. .३७५: ६२,००० आणि ०.५१३, सुमारे १२,८०० पौंड. गंमत म्हणजे .४१६ रिग्बी या आणखी मोठ्या काडतुसाचा दाब ४७,००० च, पण बूड ०.५८९ इंचांचं, म्हणून ढकल पुन्हा १२,८०० च्याच घरात. "कमी दाबाचं, म्हणून सौम्य" हा समज इथे मोडतो. फॉलिंग ब्लॉक हे सहन करते. बिजागरी आणि एका खटक्यावर तोललेली स्वस्त बंदूक हळूहळू खिळखिळी होते.

धक्क्याचंही तेच. ९ पौंडांच्या बंदुकीत .३७५ चा ४० फूट-पौंड, ७ पौंडांच्या बंदुकीत ५०.

ठासणीवाला
म्हणून तर ९ पौंडांची बंदूक घ्यायची.

चापओढ
.४५-७० वाल्यांनी एक धोका सांगितलाच नाही. या एकाच नावाखाली तीन पातळ्यांची भरणी मिळते: जुन्या ट्रॅपडोअरसाठी (.४५-७० ची ती मूळ एकबारी लष्करी रायफल) २८,००० पर्यंत, नव्या लिव्हर रायफलींसाठी ४०,००० च्या आसपास, आणि मजबूत फॉलिंग ब्लॉकसाठी त्याहूनही वर. तिन्ही काडतुसं सगळ्या चेंबरमध्ये सारखीच बसतात. खोक्यावर "फक्त आधुनिक रायफलींसाठी" लिहिलेलं काडतूस ट्रॅपडोअरमध्ये घातलं तर बंदूक फुटू शकते. सुटी काडतुसं खिशात एकत्र ठेवू नका.

आणि हो, ४०० ग्रेन १९०० ने सोडलं की ७ पौंडांत धक्का ४३ होतो. मग ".४५-७० सौम्य" म्हणायची सोय राहत नाही.

तोळामासा
बरोबर. .३७५ वाल्यांसाठीही एक. काडतूस बुडाजवळच्या जाड पट्ट्यावर टेकतं म्हणून घरी पुन्हा भरताना लोक डाय (केसला आकार देणारा साचा) थेट शेलहोल्डरला (केस धरणारा तुकडा) भिडवतात. खांदा दरवेळी मागे जातो, केस पट्ट्याच्या वर ताणते, आणि काही भरण्यांनंतर तिथे चकचकीत वळं दिसतं. पुढची पायरी केस दोन तुकडे. डाय अशी लावा की खांदा जेमतेम मागे सरकावा, आणि वाकवलेल्या तारेचं टोक केसच्या आतून फिरवून खाच लागते का बघा.

पीळदार
ठीक. १:२० ची नळी आणि २६५ ग्रेन, या अटीवर .४४४ वर ठाम आहे. १५० यार्डांच्या आत त्याच्याइतका सपाट मार्ग इतक्या कमी धक्क्यात .४५-७० देत नाही. तोळामासांनी २०० चा आकडा दिला, १५० चा दिला नाही!

चापओढ
काडतूस कुठलंही घ्या, पण दुर्बीण डोळ्यापासून किमान साडेतीन इंच ठेवा, नाहीतर भुवई फुटते. घोडा (हॅमर) दुर्बिणीखाली गेला असेल तर बाजूला निघणारा जोड लावा. ओल्या अंगठ्याने अर्धवट ओढलेला घोडा निसटणं हे याच बंदुकांत होतं. पिशवीवर टेकताना पुढचा लाकडी भाग बिजागरीजवळ टेकवा, टोकाशी नाही. टोकाशी टेकवला की गोळ्या वर चढतात आणि लोक काडतुसाला दोष देतात.

ठासणीवाला
रानवाट, एकच विचारतो. अस्वल जखमी झालं आणि वळलं तर? बिजागरी उघडा, केस काढा, नवं घाला, बंद करा, घोडा ओढा.

रानवाट
तो प्रश्न तुमच्या .३७५ लाही लागू आहे, फॉलिंग ब्लॉकमध्येही एकच काडतूस मावतं. म्हणून यादीत "काळं अस्वल" लिहिलं, तपकिरी नाही. तपकिरी अस्वल किंवा गवा असेल तर एकबारी घेऊन एकट्याने जाऊ नये, मागे दुसरी भरलेली रायफल हवी. उरलेल्या यादीला .४५-७०, ४०५ ग्रेन, पसरट नाकाची गोळी. पीळदार, १५० यार्डांवर ती नऊएक इंच खाली असते. नेम १२५ ला जुळवला तर तो फरक निम्म्यावर येतो.