येळवशीची आंबील दरवर्षी फाटते, आणि हे 'येळ' म्हणजे नक्की काय?

पुणेकर_सून: माझं माहेर पुण्याचं, सासर औशाजवळचं. लग्नानंतर पहिल्यांदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात गेले तेव्हा कळलं हा काय प्रकार आहे, अख्खं लातूर ओस, दुकानं बंद, सगळे रानात. भज्जी (सणाची मिसळ भाजी) आता जमते पण आंबील उकळली की फाटतेच. सासूबाई म्हणतात "हाताला सवय लागंल" एवढंच. आणि वेळ म्हणजे कसली वेळ? सुगीचा सण म्हणावा तर ज्वारी अजून उभीच असते.

मांजराकाठचा: वहिनी, सगळं ताक उकळायचंच नाही ओ. ज्वारीचं पीठ थोड्या ताकात कालवून रात्रभर आंबू द्या, सकाळी आधणाच्या पाण्यात सोडून हटवत शिजवा, पूर्ण गार झालं की मग बाकीचं ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण-जिरं घाला. आणि स्टीलच्या पातेल्यात नको, बिंदग्यातच, म्हणजे मातीच्या मडक्यातच ठेवा, गार राहते आणि चवच वेगळी. आमच्याकडं दुसऱ्या गलासानंतर माणूस कोपीच्या (रानातल्या कडब्याच्या खोपटाच्या) सावलीत आडवाच होतो 😄

कानडीमराठी: वेळेचा काही संबंध नसावा. मार्गशीर्षातली ही अमावस्या कर्नाटकात एळ्ळ अमावस्या म्हणून करतात, एळ्ळु म्हणजे तीळ, आपल्याकडं तिळाच्या पोळ्या असतातच की. एळ्ळचं येळ झालं असावं आणि शिकलेल्यांनी ते "शुद्ध" करून वेळ केलं असावं. निलंगा, उदगीर, अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, मग सण काय सीमा बघून थांबणार?

उमरग्याची_पोर: आमचे आजोबा वेगळं सांगायचे, कानडीत येळु म्हणजे सात, पेरणीच्या ज्येष्ठापासून मोजली तर ही सातवी अमावस्या. मोजून बघा, बरोबर येतं. पण मला तिळाचंच जास्त पटतं.

सुगीचं म्हणाल तर हा उभ्या पिकाचा सण आहे, तूर-हरभरा ओला असतो म्हणून तर भज्जी होते. हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, चाकवत, मेथी, जे हाताला लागेल ते, वरून चिंचेचा कोळ आणि बेसन, सोबत बाजरीचे उंडे (पिठाचे उकडलेले गोळे). डिसेंबरात पुण्याच्या मंडईतनं भाज्या आणून केली तरी ती भज्जी होत नाही, सॉरी. आधी कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, त्यांना नैवेद्य, मग पिकात आंबील शिंपत "ओलगे ओलगे सालम पोलगे". अर्थ विचारू नका, आमच्या आजोबांनाही सांगता आला नाही.

पुणेकर_सून: थँक्यू सगळ्यांना! म्हणजे मी इतकी वर्षं ताकच उकळत होते 🤦 बिंदगं पुण्यात कुठं मिळेल?

मांजराकाठचा: पुण्यात कशाला, येताना सासूबाईंना सांगा की. फक्त नवं असेल तर आधी दोन दिवस पाण्यात भिजत घाला, नाहीतर आंबिलीला मातीचा वास मारतो.