अनुभव धागा: संसदेतली मजुरी आणि खान्देशात हातावर पडणारी मजुरी

राम राम मंडळी,

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. जुने 29 कामगार कायदे त्यांत सामावले. वेतन संहिता 30 जुलै 2019 ला लोकसभेत आणि 2 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाली होती. 50 कोटी कामगारांना फायदा होईल, असं तेव्हाचे कामगारमंत्री संतोष गंगवार यांनी सांगितलं होतं. उरलेल्या तिन्ही 22 आणि 23 सप्टेंबर 2020 अशा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाल्या. राज्यसभेत तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता. कामाचे तास, कामगार कपात, संप, विमा हे सगळं ज्यात आहे, त्यावर इतकी कमी चर्चा व्हावी याचं मला आजही वाईट वाटतं.

आकड्यांवरून तेव्हा बराच वाद झाला. देशपातळीवरची मजुरीची किमान पायरी रोज 176 रुपये होती, ती 2019 मध्ये 178 केली. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 375 सुचवले होते.

पण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात खरी अडचण दराच्याही आधी सुरू होते, असं माझं मत आहे. तुम्ही अमक्याकडे काम केलं, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं का? दर कितीही वाढवा, नावच नसेल तर तो मागणार कोण आणि कशाच्या जोरावर? यावर तुमचे अनुभव लिहा. मालकाचं, कारखान्याचं नाव टाकू नका, काम कसं चालतं ते सविस्तर सांगा.

रावेर पट्टा

मी केळी कापणीच्या टोळीत आहे. आमच्यात कामं वाटलेली असतात. एक जण कोयत्याने घड उतरवतो, दोघं-तिघं खांद्यावर गादी टाकून बांधापर्यंत वाहतात, बाकीचे गाडी भरतात. पावसाळ्यात बागेत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि खांद्यावर पंचवीस-तीस किलोचा घड असतो. घडाला धक्का लागून साल काळी पडली की व्यापाऱ्याचा माणूस ओरडतो, त्यामुळे घसरलो तरी आधी घड सांभाळायचा. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, म्हणून कापणीचे कपडे वेगळेच ठेवतो.

मजुरी मालावर, गाडी भरली की. सकाळी सहाला बागेत बोलावतात आणि गाडी दुपारी येते. तोपर्यंत बसून राहायचं, त्या वेळेचे पैसे नाहीत. दिल्लीकडचा भाव रात्रीतून पडला तर कापणीच रद्द, मग त्या दिवसाचं काहीच नाही. आठ तास, जादा कामाचा दुप्पट दर, हे नियम आमच्यापर्यंत येतच नाहीत, कारण आमचे तास कोणी मोजत नाही. मोजतात फक्त क्विंटल.

वादळात बाग आडवी झाली की पंचनामा होतो, फळपीक विम्याचे पैसे बागायतदाराला मिळतात. मिळायलाच हवेत, त्याचं वर्ष बुडतं. पण त्या बागेवर ज्यांची पुढची दोन महिने चूल पेटणार होती, त्या टोळीचा पंचनाम्यात एक रकानासुद्धा नसतो. आमच्या खासदारांनी हा एवढा प्रश्न सभागृहात विचारावा, माझी दुसरी मागणी नाही.

चटई लाइन, जळगाव

प्लास्टिक चटईच्या कारखान्यात मशीनवर आहे. बारा तासांच्या दोन पाळ्या. कागदावर आठ तास आहेत, उरलेले चार वेगळ्या वहीत. ती वही ठेकेदाराच्या बॅगेत असते आणि महिनाअखेरीस तो जे वाचून दाखवतो तेच खरं. आमच्यातल्या एकाने आपले तास मोबाइलमध्ये लिहून ठेवले होते. हिशोबाच्या दिवशी ते दाखवले, तर पुढच्या महिन्यात त्याची पाळी बंद झाली. ठेकेदार बदलला की आम्ही परत नवे कामगार. माणूस तोच, मशीन तेच, पण नोकरीची सुरुवात नव्याने. फंडाचा (पीएफचा) नंबर एकच राहायला हवा, पण आमच्यात दोन-दोन नंबरवाले आहेत आणि जुने पैसे अडकलेत.

नंदुरबारची लेक

माझी आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. नंदुरबारची मिरची सगळ्या देशाला माहीत आहे, ती खुडणारे हात माहीत नाहीत. मजुरी किलोवर. संध्याकाळी घरी आली की आधी हात थंड पाण्यात बुडवून बसते, तरी रात्री आग होते. लहान भाऊ तान्हा होता तेव्हा ती त्याला हात लावायला घाबरायची, आजीच घ्यायची.

मी तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "आख्खा दिन हात जयतस. पावती मांगी तं सकाय येऊ नको म्हनतीन." (दिवसभर हात जळतात. पावती मागितली तर उद्या येऊ नको म्हणतील.)

चोपड्याचा शेतकरी

दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. माझ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी आहे. आपल्याकडे साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतं. रक्कम तोंडी, उचल आधी, वर धान्य-कपडे असं ठरेल तसं. वर्षभर पहाटे पाणी भरण्यापासून बैलांपर्यंत सगळं तो बघतो. कापसाला भाव नसला की माझंच गणित बसत नाही, हे खरं आहे. पण म्हणून त्याची मजुरी दाबावी हे मला पटत नाही. मी दोन वर्षांपासून वही घातली आहे. उचल किती, फेड किती, रजा किती, दोघांच्या सह्या. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याची शाळेत जाणारी पोरगी वाचून दाखवते आणि मगच तो सही करतो. गावात काही जणांनी नावं ठेवली, ठेवू द्या.

निंदणीला बाईला कमी आणि गड्याला जास्त, हे मात्र आमच्या शिवारात सगळीकडे चालू आहे. समान वेतनाचा कायदा 1976 चा होता, तो आता वेतन संहितेत गेला.

शहाद्याकडच्या लोकांनी 1972 च्या श्रमिक संघटनेबद्दल आणि आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराजांबद्दल लिहावं. सालदारांच्या मजुरीसाठी तिकडे माणसं उभी राहिली होती, हे आमच्या पोरांना माहीतच नाही.

सातपुडा

अक्कलकुव्याकडून लिहितोय. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांतली घरं बंद होतात. गुजरातेत बारडोली, नवसारीकडे ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत कोयता नवऱ्याच्या नावावर, बायकोचं नाव कुठेच नाही. ती ऊस साळते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पहाटे उठून भाकरीही तीच करते. समान काम, समान दाम म्हणायला आधी ती कामगार आहे हे कोणीतरी लिहायला हवं ना?

तिकडे गेल्यावर खावटी, म्हणजे खाण्यापुरते पैसे मिळतात, तीही उचलच. हंगाम संपताना टनांचा हिशोब होतो, त्यातून उचल आणि खावटी वजा, वर व्याज. माझ्या काकाचा हिशोब एका वर्षी शून्यावर आला होता. म्हणजे दोघांनी पूर्ण हंगाम राबून घरी यायचं ते फक्त अंगावरच्या कपड्यांनिशी. काकू त्या वर्षी सात महिन्यांची गरोदर होती, शेवटपर्यंत मोळ्या उचलत होती. दोन राज्यांमध्ये प्रश्न अडकला की आमदार खासदाराकडे बोट दाखवतो. स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदा होता, तो आता संहितेत गेला. आमच्या पाड्यावर निघताना नोंद करायला ना तेव्हा कोणी आलं, ना आता.

अंगणवाडी ताई

आमच्या महिन्याच्या मानधनात केंद्राचा वाटा ऑक्टोबर 2018 पासून सेविकेला 4500 आणि मदतनीसला 2250. त्यावर राज्य आपली भर घालतं. संसदेत दर अधिवेशनात कोणीतरी विचारतं आणि उत्तर येतं की आम्ही मानसेवी आहोत, म्हणजे मानधनावरच्या, कर्मचारी नाही. वजनं, पोषण आहार, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं, हे सगळं मात्र नोकरीसारखं. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, एवढा एक आधार आहे.

निवृत्त आबा

बंद पडलेल्या साखर कारखान्याचा कामगार. ईपीएस-95 (1995 ची कर्मचारी पेन्शन योजना) ची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1000 रुपये, ती आजही तेवढीच. बीपीच्या गोळ्या आणि गॅस यांतच संपते. आमचा विषय संसदेत निघतो तेव्हा टीव्हीसमोर बसतो, अजून.

भुसावळचा वकील

कामगारांचे दावे चालवतो, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगतो.

वेतन संहितेत पूर्वीसारखी ठराविक रोजगारांची यादी नाही, किमान वेतन सगळ्यांना लागू. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात सहा महिनेच होते. आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. हे मोठं आहे. पण त्याआधी तुम्ही तिथे कामाला होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि बहुतेक दावे तिथेच अडतात.

दुसरं असं की, शेतीत किंवा घरकामाला पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला हजेरीपट आणि वेतनपावतीची सक्ती नाही. निरीक्षकाने मागितलं तर पैसे दिल्याचा वाजवी पुरावा दाखवायचा, एवढंच. म्हणजे आखाजीचा सालदार नेमका या सवलतीत सापडतो. चोपड्याच्या भाऊंनी वही स्वतःहून घातली आहे, कायद्याने त्यांना भाग पाडलेलं नाही. ही सवलत निघायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रावेर पट्टा

वकीलसाहेब, काट्याच्या चिठ्ठीवर गाडी नंबर, तारीख आणि वजन असतं. टोळीचं नाव नसतं. ती चालेल का?

भुसावळचा वकील

दादा, एकटी पुरणार नाही, पण टाकू नका. रोज फोटो काढा, गाडीपाशी टोळी उभी असलेला एक, तारीख दिसेल असा. मजुरी फोनवर आली तर तो मेसेज पुसू नका. आणि टोळीतल्या दोघा-तिघांनी मिळून या, एकट्याने आलं की दुसऱ्या दिवशी त्याचंच काम बंद होतं. नंदुरबारच्या ताईंनीही आईसोबतच्या बायकांना विचारून बघावं, चार जणी तयार झाल्या तर मी तिकडे येतो.

धागाकर्ता

धुळ्याच्या यंत्रमागावरचे आणि दीपनगर वीज केंद्राच्या कंत्राटी कामगारांपैकी कोणी वाचत असेल तर लिहा. शहाद्याचंही राहिलंय.