मदत हवी आहे: आई-बाबांसोबत कॅरव्हॅनने नलारबोर ओलांडायचंय

नमस्कार मंडळी,

मेलबर्नहून कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन निघालो ते क्वीन्सलंड, डार्विन, ब्रूम करत आता एस्परन्सला येऊन टेकलोय. पर्थला आई-बाबा साताऱ्याहून येऊन आम्हाला मिळाले. आता शेवटचा टप्पा, नलारबोरच्या ओसाड पठारावरून: नॉर्समन, आयर हायवे, सेडुना, ॲडलेड आणि घर. इतके दिवस आम्ही दोघंच होतो, कसंही भागायचं. आता बाबा इन्सुलिनवर आहेत आणि आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. म्हणून या वाटेने ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांचा अनुभव हवा आहे.

नॉर्समन ते सेडुना साधारण १२०० किमी. बॅलाडोनिया आणि कैगुना यांच्या दरम्यानचा १४६.६ किमीचा पट्टा तर एकही वळण नसलेला. दिवसा थोडंच चालवायचं आणि कांगारू रस्त्यावर यायच्या आत, उन्हं उतरण्याआधीच थांबायचं असं ठरवलंय. मुक्काम कैगुना, युक्ला आणि नलारबोर रोडहाउस (हायवेवरचा पेट्रोल-जेवण-मुक्कामाचा थांबा). पाण्याची टाकी नॉर्समनलाच काठोकाठ भरून घेणार, कारण पुढे रोडहाउसवर टाकीभर पाणी मिळेल असं धरून चालता येत नाही.

आता मुख्य काळजी. इन्सुलिनची न उघडलेली पेनं कॅरव्हॅनच्या फ्रीजमध्ये आहेत. गाडी चालू असताना गॅस बंद, फ्रीज गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. थंडीचे दिवस असल्याने पेनं तापण्याची भीती कमी, पण पहाटे फ्रीजच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा पापुद्रा दिसतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. सध्या पेनं टॉवेलात गुंडाळून डब्यात घालून दाराच्या कप्प्यात ठेवतेय, शेजारी छोटा थर्मामीटर. याहून खात्रीचं काही कोणी केलंय का?

दुसरं, घड्याळ. कैगुनापासून पुढे युक्लापर्यंतची मंडळी पर्थच्या ४५ मिनिटं पुढची वेळ पाळतात, आणि साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ लागली की आणखी ४५ मिनिटं. बाबांचं जेवण आणि इंजेक्शन अगदी काट्यावर असतं. तुम्ही घरच्यांच्या औषधांच्या वेळा कशा सांभाळल्यात?

तिसरं, सेडुनाचा फळं-भाज्यांचा तपासणी नाका. आईने पर्थहून हिरव्या मिरच्या, लिंबं, टोमॅटो, कढीपत्ता असं बरंच भरून घेतलंय. शिजवून संपवायचं तर नेमकं काय काय?

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते नलारबोरच्या किनाऱ्यावरचं हेड ऑफ बाइट. तिथे हिवाळ्यात सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. बाबा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत आले. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पोटाशी असलेला किनाऱ्याचा तो मोठा बाक त्यांनी फळ्यावर किती वेळा काढला असेल! तिथे उभं राहून देवमासा बघायचाच आहे, असं ते रोज म्हणतात. लाकडी पायवाटेवरून आईला जमेल का? मध्ये बसायला बाक आहेत का?

ॲडलेडनंतर समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडने यायचंही मनात आहे. कॅरव्हॅन मागे लावून तो रस्ता घ्यावा का?

कृपया सविस्तर लिहा. मनापासून आभार.

प्रतिसाद (ॲडलेडहून):

ताई, आधी औषधाचं. वेळ दीड तासाने सरकवायची की हळूहळू, हे बाबांच्या डॉक्टरांना एस्परन्समधूनच फोन करून विचारा, कारण पुढे बराच पट्टा फोनला रेंज नसते. दाराचा कप्पा बरोबर आहे, तोच ठेवा. थोडी पेनं वेगळ्या थंड पिशवीतही ठेवा, म्हणजे फ्रीज बिघडला तरी अडणार नाही.

सेडुनाला फळमाशीसाठी तपासणी होते. मिरच्या, लिंबं, टोमॅटो नाक्याआधीच संपवा. मिरच्यांचा तव्यावर परतून ठेचा करा, टोमॅटोचं सार करा. कढीपत्त्याचं आणि उरलेल्या कशाचंही नाक्यावर स्वतःहून सांगा, ते नीट समजावतात. ताजी भाजी सेडुनात मिळते.

रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) मागून आली तर घाबरून ब्रेक मारू नका. आपली लेन सोडू नका, वेग स्थिर ठेवा, त्याला जाऊ द्या. गाडीतला यूएचएफ रेडिओ (गाड्यांमध्ये आपसात बोलायचा) चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाले त्यावरच बोलतात.

हेड ऑफ बाइटला सकाळीच जा. सगळी पायवाट चालायचा हट्ट नको, आईंना जमेल तिथवरच. सोबत घडीची खुर्ची, शाल आणि दुर्बीण घ्या, वारा बोचरा असतो.

ग्रेट ओशन रोडवर कॅरव्हॅन ओढू नका. लॉर्न ते अपोलो बे रस्ता अरुंद आणि सगळा वळणांचा. कॅरव्हॅन वॉर्नांबूलच्या पार्कात लावा, नुसत्या गाडीने ट्वेल्व्ह अपॉसल्स (समुद्रातले खडकांचे सुळके) बघून परत या, आणि दुसऱ्या दिवशी कोलॅकवरून प्रिन्सेस हायवेने घरी. बाबांना देवमासा दिसला की इथे नक्की कळवा.