स्मॉगची शिकार नक्की कुणाची?

टॉल्किनच्या 'द हॉबिट' कादंबरीत स्मॉग हा ड्रॅगन नायकाच्या, म्हणजे बिल्बोच्या हातून मरत नाही, मध्येच उपटलेला बार्ड नावाचा धनुर्धर त्याला मारतो, म्हणून शेवट फसलाय असं वर दोघातिघांनी लिहिलंय. मला तर तीच या कादंबरीची गंमत वाटते.

बिल्बो शिकारी नाहीच, बटूंनी त्याला चोर म्हणून सोबत घेतलेलं असतं. ड्रॅगनच्या गुहेतल्या पहिल्या फेरीत तो खजिन्यातून दोन कानांचा एक जड पेला उचलून आणतो. जागा झाल्यावर स्मॉगला नेमका तोच पेला गायब असल्याचं कळतं, एवढ्या ढिगातून! 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातही ड्रॅगन चवताळतो तो पेल्याच्या चोरीनेच. तिथे मात्र म्हातारा राजा बेवुल्फ लोखंडी ढाल घेऊन स्वतः भिडतो, तलवार मोडते, त्याचा तरुण साथीदार विग्लाफ मदतीला धावतो. ड्रॅगन मरतो आणि राजाही.

दुसऱ्या फेरीत बिल्बो गोड गोड बोलून स्मॉगला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. स्मॉग हिऱ्यामाणकांनी मढलेलं पोट मिरवायला कुशीवर वळतो आणि छातीच्या डाव्या बाजूची उघडी जागा दिसते. बिल्बो हे बटूंना सांगतो, ते एक थ्रश पक्षी ऐकतो, बार्डच्या कानावर घालतो, मग तो काळा बाण. म्हणजे माग बिल्बोचा, नेम बार्डचा. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) कथेतला सिगुर्डसुद्धा फाफ्निर या ड्रॅगनच्या पाण्यावर जायच्या वाटेत खड्ड्यात दबा धरून खालूनच तलवार खुपसतो.

बार्ड फार उशिरा येतो, हे मात्र मान्य. स्मॉगने तळ्यातलं लेक-टाउन हे गाव पेटवल्यावर कुठे त्याचं नाव कळतं. बिल्बो आणि बटूंचा तिथे मुक्काम होता तेव्हाच एखाद्या पानात दाखवला असता तर काय बिघडलं असतं?