मदत हवी आहे: ऑकलंड बेटं, आई आणि तिचा गुडघा

लोकहो, ऑकलंड शहराबद्दल विचारत नाहीये. न्यूझीलंडच्या ब्लफ बंदरापासून दक्षिणेला साधारण ४६५ किमीवर ऑकलंड बेटांचा समूह आहे, वस्ती शून्य. त्यातल्या एंडरबी बेटावर कोणी जाऊन आलंय का?

आम्ही क्राइस्टचर्चला असतो. आई साताऱ्याहून डिसेंबरात येतेय. वय ६८, पक्षीवेडी, उजवा गुडघा कुरकुरतो. मी मिलफर्ड साउंडच्या खाडीचा बेत आखत होते, तर म्हणाली, "डोंगर आणि पाणी तुझ्या फोटोंत भरपूर बघितलं. मला घरट्यावर बसलेला अल्बाट्रॉस दाखव."

एंडरबीवर दक्षिणी रॉयल अल्बाट्रॉस जमिनीवरच घरटं करतो, पिवळ्या डोळ्यांचे पेंग्विन राटाच्या वाकड्यातिकड्या झाडांतून चालत समुद्राकडे जातात आणि सँडी बेच्या वाळूत सी लायनची वसाहत आहे. मुख्य बेटावर मात्र माणसांनी सोडलेली डुकरं, मांजरं आणि उंदीर अजून ठाण मांडून आहेत. उडता न येणारं तिथलं बदक त्यांच्यापुढे टिकलं नाही. एंडरबीवर ते आहे. एंडरबीवरची गुरं, ससे, उंदीर १९९३ च्या सुमारास काढले. (अवांतर: त्या गुरांतली शेवटची गाय वाचवून १९९८ मध्ये तिचा क्लोन केला. आई गोठ्यात वाढलेली, हे ऐकल्यापासून तिला पक्ष्यांइतकंच त्या गायीचं कौतुक!)

आता प्रश्न:

जहाजातून रबरी बोटीत उतरताना गुडघ्याचं काय होतं? पुढे लाकडी पायवाट आहे म्हणतात, ती कुठपर्यंत? बोट लागण्यावर कोणाचा काही उपाय? आणि बाहेरचं बी बेटावर जाऊ नये म्हणून सामान तपासतात, ती तपासणी किती कडक? आईची सॅक कासच्या पठारावर फिरलेली आहे, शिवणीत अजून कुसळं अडकलीत.

खर्च पाहून नवरा म्हणतो, ड्युनेडिनजवळ तैआरोआ हेडला नेऊ, तिथेही रॉयल अल्बाट्रॉस आहेतच. पटतं, पण तिथे काचेमागून बघायचं, आणि आईला काच नकोय.

जाणकारांनी सांगा, प्लीज.

प्रतिसाद

ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. बोटीत उतरताना खलाशी मनगटाला घट्ट धरतात, पण लाट वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकावं लागतं. घुटमळणाऱ्याला ते जड जातं. त्यामुळे आधी घरी पायरीवर एका पायावर तोल सांभाळायची सवय करवा.

पायवाट सँडी बेपासून उत्तरेच्या कड्यांकडे जाते. अल्बाट्रॉस तिच्या आसपासच दिसले, बेटाला पूर्ण वळसा घालायची गरज नाही. वळसा घालणार नाही, असं सहलीच्या आयोजकांना आधीच लिहून कळवा.

सी लायनचा नर अंगावर आला तर पळायचं नाही, सावकाश मागे सरायचं. सासूबाईंनी काठी उगारली होती, गाइडचा चेहरा बघण्यासारखा होता.

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. उशीर झाला की उपयोग नाही.

सॅक नवीनच घ्या. वेल्क्रो, खिसे, बुटांचे तळवे सगळं तपासतात, एक बी सापडलं तरी चिमट्यानं काढायला लावतात. २०२५ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटावर बर्ड फ्लू पोचलाय, त्यामुळे नियम आणखी आवळलेत का ते विचारून घ्या.

आणि खवळलेला समुद्र असेल तर उतरवतच नाहीत, पैसे भरले तरी. हे आईंना निघायच्या आधीच सांगून ठेवा. किती दिवसांची फेरी बघताय?